सुटली की सोडली : आमच्या ग्रामसभेतील एका ठरावाची हकिकत

मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, सांगलीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आमचे गाव आहे. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या ठराव वहीत ऑक्टोबर २०२२ मधील तहकूब ग्रामसभेच्या नोंदीखाली एक ठराव आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांना ज्यांनी हात दिला, त्यांचा दरवर्षी २६ जून रोजी ग्रामपंचायतीने सन्मान करावा, असे त्यात म्हटले आहे. हा ठराव कसा झाला, त्याला कोणत्या अडचणी आल्या आणि त्याची शब्दरचना कोणामुळे बदलली, हे मला येथे लिहायचे आहे. अर्जावर सह्या करणाऱ्या पाच जणांपैकी मी एक आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात मी बावीस वर्षे दिवाणजी म्हणून काम करतो आहे आणि फेब्रुवारी २०१४ पासून मी दारू प्यायलेलो नाही. माझे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही. त्यामागचे कारण हकिकतीच्या ओघात येईल.

पिण्याच्या काळात व्यसनविरोधी शासकीय दिवस मला चांगलेच पाठ होते, पण ते वेगळ्या अर्थाने. २ ऑक्टोबरला गांधीजयंतीमुळे दुकाने बंद असतात, म्हणून १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दुकानापुढे जी रांग लागे, तिच्यात मी न चुकता उभा असे. त्या दिवसापासून राज्यात व्यसनमुक्तीचा सप्ताह पाळला जातो, ही गोष्ट मला त्या रांगेत कोणी सांगितली असती, तरी ती माझ्यासाठी आहे असे मला वाटले नसते. २६ जूनला शाळांच्या फेऱ्या निघत. एका वर्षी अशीच एक फेरी यार्डातून गेली. मुलांच्या हातांतील फलकांवर कवट्या, फुटक्या बाटल्या आणि गटारात पडलेला माणूस रंगवलेला होता. सकाळचे अकरा वाजले होते, मी दुकानाच्या मागच्या अंगाला पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होतो आणि माझी पावले ठिकाणावर नव्हती. सातवीत शिकणारी माझी मुलगी त्या फेरीत होती. तिने मला पाहिले आणि हातातला फलक हळूच उलटा धरला, म्हणजे चित्र तिच्याकडे आणि कोरी बाजू माझ्याकडे. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त प्यायलो. भीती आणि लाज यांनी माणूस दारू सोडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अनुभव लक्षात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा लेख त्याबद्दल नाही. घरच्यांनी प्रथम एका गावठी वैद्याकडून पुडी आणून माझ्या नकळत जेवणात मिसळली. दारूबरोबर त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी औषधे माणसाला न सांगता देणे जिवावर बेतू शकते, हे आम्हाला फार नंतर एका डॉक्टरांनी सांगितले. पुढे मिरजेतील एका रुग्णालयात मला दाखल केले गेले. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात कापू लागले, आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरून हळदीची भुकटी ओघळते आहे आणि तिच्यातून मुंग्या चालल्या आहेत, असे मला दिसू लागले. शरीराला दारूची सवय जडल्यानंतर ती एकाएकी तोडली, की दोन ते तीन दिवसांत असे भ्रम होऊ शकतात, कधी झटकेही येतात, म्हणून ही पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ओलांडावी लागते. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि झटके टाळण्याच्या गोळ्या यांवर ते दिवस निघाले. तेथील मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्यांदा ‘तुम्ही आजारी आहात’ हे वाक्य ऐकवले. त्याआधी सगळ्यांनी मी नालायक आहे, एवढेच सांगितले होते आणि मला ते पटलेलेही होते.

रुग्णालयातून सुटल्यावर मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या, दारूपासून दूर राहण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या मद्यपींच्या संघटनेच्या बैठकांना जाऊ लागलो. आमच्या परिसरातील बैठक दर गुरुवारी संध्याकाळी एका माध्यमिक शाळेच्या वर्गात होते. तेथे मला एक शब्द नव्याने कळला. आपल्याकडे लोक दोन प्रकारे बोलतात: ‘अमक्याची दारू सुटली’ किंवा ‘अमक्याने दारू सोडली’. सुटली म्हणावे, तर जणू ती आपणहून निघून गेली आणि माणसाने काहीच केले नाही. सोडली म्हणावे, तर जणू एकदा पोते खाली ठेवले आणि काम संपले. बैठकीत कोणी या दोहोंपैकी काही म्हणत नाही. ‘आज घेतली नाही’ असे म्हणतात. आठ वर्षे झालेला माणूसही तेच म्हणतो आणि आठ दिवस झालेलाही. या तीन शब्दांत जेवढे सत्य आहे, तेवढे ‘व्यसनमुक्त’ या सरकारी शब्दात नाही, कारण मुक्त झालेला माणूस परत बांधला जात नाही आणि आम्हा प्रत्येकाला परत बांधले जाण्याची भीती रोज असते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ठरावाच्या मसुद्यावरून आमचा जो वाद झाला, त्याचे मूळ येथे आहे.

ठरावाची कल्पना माझ्या पत्नीची. २०२२ च्या २६ जूनला गावात शाळेची फेरी येऊन गेली आणि संध्याकाळी स्वयंपाक करताना ती म्हणाली, “अहो, हे सगळे दिवस पिऊ नका सांगणारे. जे प्यायचे थांबले, आणि त्यांच्यामागं जे राबले, त्यांचा दिवस कधी असतो?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी तो प्रश्न डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी सांगितले, की २६ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७ डिसेंबर १९८७ च्या ठरावाने ठरवला, आणि तो मुळात अमली पदार्थांचा गैरवापर व त्यांची चोरटी वाहतूक यांच्या विरोधातला आहे. ३१ मे हा जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखूविरोधी दिन. ३१ ऑगस्टचा दिवस ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००१ मध्ये सुरू झाला, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण पावलेल्यांची त्या दिवशी आठवण केली जाते. अमेरिकेत मात्र सप्टेंबरचा संपूर्ण महिना बरे होणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्यांसाठी पाळला जातो. १९८९ मध्ये तो ‘उपचारांचा उपयोग होतो’ या अर्थाच्या नावाने सुरू झाला आणि २०११ पासून त्याला बरे होण्याचा राष्ट्रीय महिना म्हणतात. तेथे गावांचे महापौर आणि राज्यांचे गव्हर्नर त्यासाठी लेखी जाहीरनामे काढतात. हे शेवटचे वाक्य मी घरी येऊन पत्नीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आपल्याकडं महापौर नसला तरी सरपंच आहे की.”

मी पुढच्या गुरुवारी बैठकीनंतर हा विषय काढला. आमच्यातले सर्वांत जुने, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे समजावले, ते त्या वेळी मला अडवणुकीसारखे वाटले होते, आज मात्र त्यातले शहाणपण दिसते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा परंपरा आहेत. त्यांनुसार ही संघटना बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देत नाही, बाहेरून पैसा घेत नाही, कोणत्याही उपक्रमाला आपले नाव लावू देत नाही, आणि वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपट यांच्यासमोर सदस्याने आपले नाव उघड करायचे नसते. “त्यामुळे एए म्हणून अर्ज करता येणार नाही,” अण्णा म्हणाले. “गावचे मतदार म्हणून करा. मतदाराला कोणी अडवत नाही. पण बैठकीचं नाव त्या कागदावर यायचं नाही आणि ग्रामपंचायतीचा एक रुपयाही नको.” आमच्यापैकी तिघांना हे पटले नाही, नावच लपवायचे असेल, तर सन्मान कसला, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. अखेर पाच जण मतदार म्हणून सही करायला तयार झाले: आम्ही तिघे बरे होत असलेले, माझी पत्नी आणि गावातील एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही.

दिवस कोणता, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. सप्टेंबर गावाला काहीच सांगत नाही. १० जून १९३५ रोजी अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात बिल आणि डॉक्टर बॉब या दोन मद्यपींच्या भेटीतून आमच्या संघटनेचा आरंभ झाला, पण ती तारीख घेतली असती, तर अण्णांचीच अट मोडली असती. २ ऑक्टोबर सर्वांना पसंत होता. मी मात्र विरोध केला, कारण तो दिवस पिणाऱ्याच्या मनात बंद दुकानाशी बांधलेला आहे, आणि शिवाय आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी चालू असते, त्यामुळे माणूस सभेला येत नाही. राहिला २६ जून. त्या दिवसाला आमच्या भागात आणखी एक अर्थ आहे, आणि तो मुख्याध्यापकांनी लक्षात आणून दिला. २६ जून १८७४ हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस, आणि महाराष्ट्र शासन तो सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा करते. कोल्हापूर जवळ असल्यामुळे आमच्याकडे तो मनापासून साजरा होतो. ग्रामपंचायतीपुढे प्रतिमापूजन असते, माणसे आपोआप जमतात. व्यसनमुक्तीचे काम शासनात ज्या विभागाकडे आहे, तोही सामाजिक न्याय विभागच. दोन कार्यक्रम एकाच तारखेला आल्यामुळे आजवर व्यसनमुक्तीची शपथ शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जात असे. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे, की ज्या माणसाच्या हातचा चहा कोणी पीत नव्हते, त्याच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा पिणाऱ्या राजाचा हा दिवस आहे. कलंक लागलेल्या आजाऱ्याला जवळ घेण्यासाठी याहून योग्य दिवस शोधून सापडणार नाही. यावर कोणी वाद घातला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अर्ज दिला. ग्रामसेवकांनी मनापासून मदत केली, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी सांगितले, की विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून आणू नका. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, तर तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, म्हणून तो छापील विषयपत्रिकेवरच हवा. गणपूर्ती म्हणजे गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो, आणि आमच्या गावात तेवढी माणसे पहिल्या सभेला क्वचितच जमतात. त्यांनी स्वतः एक मसुदाही करून दिला. त्याची सुरुवात राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने होत होती, म्हणजे मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे मार्गदर्शक तत्त्व. पुढे ‘दारूच्या आहारी जाऊन कुटुंबाची वाताहत करणाऱ्या इसमांचे प्रबोधन व्हावे आणि ज्यांनी दारू सोडून आदर्श निर्माण केला, अशा व्यसनमुक्त इसमांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा’ असे वाक्य होते. हेतू चांगला होता, परंतु बावीस वर्षे खतावणी लिहिणाऱ्या माणसाला कागदावरचा शब्द किती काळ टिकतो हे ठाऊक असते. मी त्यांना म्हणालो, की ‘इसम’ हा शब्द पोलिसांच्या पंचनाम्यातला आहे, येथे ‘व्यक्ती’ लिहा. आणि ज्याचा सत्कार केला तो पुन्हा प्यायला, तर गाव त्याला आदर्श म्हणून उंच चढवून तेथूनच खाली ढकलेल, म्हणून ‘व्यसनमुक्त’ ऐवजी ‘बरे होत असलेल्या’ लिहा. त्यांनी दोन्ही बदल केले. तरीही सत्काराचे वाक्य राहिलेच, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते आम्हाला तेव्हा खटकले नव्हते. आठ वर्षांनी कोणीतरी शाल घालणार, ही कल्पना मला आवडली होती.

सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. ती १ ऑक्टोबरला झाली. पुरुषांनी तेथे थांबायचे नसते, म्हणून पुढचे मी पत्नीकडून ऐकलेले लिहितो. विषय वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या आक्का उठल्या. त्यांचा धाकटा मुलगा यकृत निकामी होऊन अडतिसाव्या वर्षी वारला, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. त्या म्हणाल्या, “ज्यांनी पिऊन बायकांच्या अंगावरचं डाग विकलं, त्यास्नी शाल? माझ्या सुनंनं दोन पोरं घेऊन भांगलणीला जाऊन घर धरलं, तिला कोण नारळ देतंय? आणि ज्यांनी जल्मात शिवली न्हाई, त्येंचं काय चुकलं?” सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आणखी दोघीतिघी त्यांच्या बाजूने बोलल्या. माझी पत्नी उभी राहिली, पण आक्कांना खोडून काढण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते, कारण तिचे स्वतःचे मंगळसूत्र मी दोनदा गहाण टाकलेले होते आणि आक्कांना ते माहीत होते. ती एवढेच म्हणाली, की तुमचे खरे आहे, आणि जे आजारी आहेत त्यांनी घराबाहेर येऊन मदत मागावी, यासाठी काय केले पाहिजे ते तुम्हीच सांगा. आक्का म्हणाल्या, “माझा बाळू दवाखान्यात का गेला न्हाई, ठावं हाय? लोक काय म्हणतील म्हणून. मेला त्या भीतीनं.” मुलाचे नाव मी बदलले आहे.

त्या रात्री पत्नीने हे सांगितले आणि मला झोप लागली नाही. दिल्लीच्या एम्स संस्थेतील केंद्राने देशभर सर्वेक्षण करून फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल दिला होता. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो, असे त्यात आहे. डॉक्टरबाईंनी हा आकडा सांगितला तेव्हा मी त्या एकात मोजला गेलो, याचा मला गर्व वाटला होता. त्या रात्री मला पहिल्यांदा उरलेले सदतीस दिसले, आणि त्यांतल्या एकाची आई दोन गल्ल्या पलीकडे राहत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबरला, सभेला एकसष्ट माणसे आली. गणपूर्ती झाली नाही आणि सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाली. आमच्या विषयासाठी ही तहकुबी फार मोलाची ठरली. त्या आठवड्यात आम्ही पाचही जण आक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. मला वाटले होते त्या दारातूनच परत पाठवतील. आम्ही मसुदा त्यांच्यापुढे वाचला आणि त्यांना काय हवे ते विचारले. दोन तास बसून जे ठरले ते असे: बरे होत असलेल्या कोणाचाही सत्कार नाही, कोणाचेही नाव नाही. सन्मान करायचा तो ज्यांनी हात दिला त्यांचा, आणि त्यात घर धरून ठेवणाऱ्या बायकांचा मान पहिला. ज्यांना मदत मिळण्याआधीच मरण आले, त्यांच्यासाठी सुरुवातीला दोन मिनिटे उभे राहायचे. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे वाक्य ठरावात स्पष्ट लिहायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे, तेवढा आधार त्याला पुरेसा होता. तसेच केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क मदतवाहिनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कायमची रंगवायची. शाल गेली, याचे मला वाईट वाटले का, असे पत्नीने विचारले. थोडे वाटले.

तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या रविवारी पाण्याच्या टाकीवरून आणि घरपट्टीवरून बरीच वादावादी झाली आणि आमचा विषय आला तेव्हा निम्मे लोक उठून गेले होते. एका तरुणाने विचारले, की हे सगळे दारूबद्दल आहे आणि २६ जून तर अमली पदार्थांचा, मग मेळ कसा. मुख्याध्यापकांनी उत्तर दिले, की आजार एकच आहे, बाटली वेगळी. आणि गावातल्या पोरांच्या खिशात आता काय काय सापडते, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या एकाने गावात आडव्या बाटलीचे मतदान घ्यायची मागणी केली. दुकान बंद करण्यासाठी गावातील २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा आणि मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडायला हवीत, अशी ती पद्धत आहे, आणि तिचा मी आदर करतो. पण तो वेगळा विषय आहे, असे सरपंचांनी सांगितले आणि ते बरोबरच होते, कारण दुकान बंद झाल्यावरही मी सहा किलोमीटर चालत जाऊन प्यायलेलो आहे. सूचक म्हणून आक्कांनी स्वतःचे नाव दिले. अनुमोदक माझी पत्नी होती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुढचे नऊ महिने यादी करण्यात गेले, आणि मला वाटते की या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत चांगला भाग तोच होता. आम्ही बैठकीतल्या प्रत्येकाला वैयक्तिक विचारले, की तुला कोणी हात दिला. उत्तरे ऐकून मी अनेकदा गप्प बसलो. डॉक्टर आणि समुपदेशक यांची नावे आली, पण त्यांच्या आधी दुसरीच नावे येत होती. एका आशा सेविकेने एकाला सलग सहा वेळा रुग्णालयात नेले होते, त्यांतल्या पाच वेळा तो वाटेतच एसटीतून उतरला होता. शाळेचे शिपाईमामा दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला वर्ग उघडतात, पंखा लावतात, घरी जातात आणि आठला येऊन कुलूप लावतात. आत काय चालते ते त्यांनी कोणालाही, स्वतःच्या घरीसुद्धा, सांगितलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, शाळेत पाणी शिरले, आणि घरदार गेलेल्या आम्हा लोकांच्या तोंडाला त्या दिवसांत पुन्हा दारू लागण्याची फार भीती होती; तेव्हा मामांनी कोणी न सांगता वरच्या गल्लीतल्या देवळाच्या ओवरीची किल्ली मागून आणली होती आणि त्या गुरुवारची बैठक चुकली नव्हती. माझ्या यादीत पहिले नाव माझ्या दुकानाच्या मालकांचे होते. त्यांनी मला दोनदा काढले आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतले, पण पगार एक वर्षभर दर शनिवारी पत्नीच्या हाती दिला. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

२०२३ च्या २६ जूनसाठी संयुक्त राष्ट्रांनी जो विषय जाहीर केला, त्याचा आशय ‘आधी माणूस, कलंक आणि भेदभाव थांबवा’ असा होता. आम्ही तो मुद्दाम निवडलेला नव्हता, परंतु आमच्या ठरावाशी त्याचे इतके जुळले, की मुख्याध्यापकांनी तो स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला. शाहू महाराजांच्या प्रतिमेचे पूजन झाले. मग सर्वजण दोन मिनिटे उभे राहिले. त्यानंतर आशाताई, शिपाईमामा, माझे मालक आणि आक्कांची सून अशा चौघांना ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे मानपत्र दिले. कोणाला मदत केली, याचा उल्लेख मानपत्रात नव्हता. बैठकीतले आम्ही नऊ जण गर्दीत वेगवेगळ्या ठिकाणी बसलो होतो.

कार्यक्रमाला एका स्थानिक वृत्तपत्राचे वार्ताहर आले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दारू सोडलेल्या माणसाचा फोटो असेल तर बातमी पहिल्या पानावर घेता येईल, असे ते म्हणाले. आमच्यातला एक तरुण तयार झाला होता. अण्णांनी त्याला बाजूला नेले आणि रागावून नव्हे, अगदी हळू आवाजात समजावले, की आज तुझा फोटो लागला आणि सहा महिन्यांनी तू घसरलास, तर तो फोटो पाहून जो येणार होता तो येणार नाही, आणि तुलाही परत वर्गात पाऊल टाकणे जड जाईल. तरुणाने फोटो दिला नाही. मीही माझे नाव येथे देत नाही, त्याचे कारण हेच आहे. बातमी चौथ्या पानावर, चार ओळींची आली, आणि तिच्यात मदतवाहिनीचा क्रमांक बरोबर छापला होता.

एक गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे झाली नाही. दोन मिनिटे उभे राहण्याआधी आक्का व्यासपीठाशी आल्या आणि माईक मागितला. नावे घ्यायची नाहीत असे त्यांच्याच घरात ठरले होते. त्यांनी आपल्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, घेतले आणि तो कशाने गेला तेही सांगितले. गावात चार वर्षे सर्वजण ‘कावीळ’ म्हणत होते. मग त्यांनी माईक परत दिला. या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत नावे न घेण्याचा नियम पुन्हा वाचला गेला, तेव्हा आक्कांनी मला विचारले, “तो नेम जित्यांचा हाय का मेलेल्यांचाबी?” आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहत राहिलो. नियमाखाली, पेन्सिलने, ‘आईने स्वतः घेतल्यास हरकत नाही’ असे मी लिहून ठेवले आहे; ते शाईने कायम करण्यासाठी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय द्यायचा आहे आणि अर्जाची मुदत पुढच्या सोमवारी संपते.